एकच परात

सिस्टरना मराठी कुणी शिकवली असं विचारलं, की त्या म्हणायच्या, "जीपमधल्या लोकांनी." ऐकणाऱ्याला ती गंमत वाटायची. पण ते खरं होतं. पहिल्या धड्याला मी त्यांच्या शेजारीच बसलेले होते.

गोरेगावहून सेनगावमार्गे हिंगोलीला जाणारी काळी-पिवळी जीप. आत चौदा-पंधरा माणसं कोंबलेली. मधल्या सीटवर सिस्टर आणि मी, आणि आमच्या मांडीवर औषधांच्या रिकाम्या खोक्यांचं गाठोडं. ड्रायव्हरशेजारी बसलेला एक फेटेवाला सारखा मागं वळून सिस्टरकडं बघत होता. शेवटी ड्रायव्हरला म्हणाला, "ही कोळशाची खाण कुठून उचलून आणली बाबा मिशनवाल्यांनी?"

चार-पाच जण हसले. मी बाहेर बघायला लागले. सिस्टर मात्र पुढं वाकल्या आणि त्याच्या खांद्याला बोट लावून म्हणाल्या, "दादा, परत सांगा. खाण म्हणजे काय?"

तो गडबडला. मागच्या एका म्हातारीनं समजावलं, "जिथून कोळसा खंदून काढतेत ना, ते."

"अच्छा, खदान." सिस्टरचा चेहरा उजळला. "आहे ना आमच्याकडे. माझा भाऊ तिथेच काम करते."

आता त्या माणसाला काहीतरी बोलणं भागच होतं. त्यानं विचारलं, खाण किती खोल असती. सिस्टरनी सांगितलं. मग कुणी विचारलं, आत दम लागत न्हाई का. कुणी विचारलं, वरून दरड आली तर माणसं कशी निघतात. सेनगाव येईपर्यंत सगळी जीप त्या खाणीत उतरली होती. फेटेवाला सेनगावला उतरला, दोन पावलं गेला, परत आमच्याजवळ आला आणि म्हणाला, "भावाला जपून ऱ्हा म्हणावं."

हिंगोलीत स्टँडवरून चालताना मी विचारलं, "सिस्टर, तो तुम्हाला नावं ठेवत होता. कळलं का तुम्हाला?"

"कळला."

"मग?"

"शब्द नवा होता," त्या म्हणाल्या.

त्या भोळ्या होत्या का फार हुशार होत्या, हे मला त्या दिवशी ठरवता आलं नाही. नंतर तीन वर्षं रोज त्यांच्याबरोबर काम केलं, तरी आलं नाही. त्यांचं नाव मी इथं लिहीत नाही. लिहिलेलं त्यांना आवडलं नसतं असं वाटतं, पण त्याचीही खात्री नाही.

तेव्हा आमचा जिल्हा परभणीच होता, हिंगोली नुसता तालुका. गोरेगावच्या बाहेर मिशनचा एक छोटा दवाखाना होता, तीन सिस्टर तो चालवायच्या. मी धनगराची. माहेरी मेंढरं, सासरी मेंढरं. दहावी झाले होते म्हणून केसपेपर लिहायचं आणि मलमपट्टीचं काम मिळालं. शाळेत पोरी माझ्या बाकावर बसायला नाक मुरडायच्या, मेंढरांचा वास येतो म्हणून. हे आधीच सांगून ठेवते. पुढं मी जे केलं, ते मला दुसऱ्याचं दुःख ठाऊक नव्हतं म्हणून केलं, असं कुणाला वाटू नये.

सिस्टर रांचीकडच्या, आदिवासी. बुटक्या, काळ्याभोर, चालताना एका बाजूला किंचित झुकणाऱ्या. नर्सिंगचं पुरतं शिक्षण झालेलं. आमच्या मोठ्या सिस्टर दक्षिणेकडच्या, उंच, गोऱ्यापान, मनानं वाईट नव्हत्या. त्यांनी या नव्या सिस्टरना स्वयंपाकघरात ठेवलं. "मराठी येईपर्यंत," असं सांगितलं. त्याच महिन्यात आणखी एक सिस्टर आल्या. मराठीचा एक शब्द त्यांनाही येत नव्हता. त्या गोऱ्या होत्या. त्यांना औषधाच्या खिडकीवर बसवलं.

यावर कुणी काही बोललं नाही. आमच्या सिस्टरही बोलल्या नाहीत. तांदूळ निवडत निवडत जपमाळ करायच्या, आणि मधेच थांबून मला हाक मारून विचारायच्या, "'पायपुसणी' म्हणजे काय? काल एक बाई मला म्हणाली."

त्यांची आणखी एक सवय होती. संध्याकाळी दवाखाना बंद करताना त्या मला, आज भाजी काय केली असं विचारावं तशा, विचारायच्या, "आज तुझा पाप काय?"

"आमच्यात असं नसतं, सिस्टर."

"पाप नसतं?"

"तसं न्हाई. सांगायचं नसतं."

"मग राहतं कुठे?" त्या खरंच विचारत असायच्या. मग स्वतःचं सांगून टाकायच्या. "मी आज मोठ्या सिस्टरच्या चहात साखर कमी टाकली. समजून उमजून."

त्यांच्या धर्माविषयी मी जे थोडंफार ऐकलं ते चुलीपुढं. देवानं माणूस आपल्यासारखा घडवला, असं त्यांच्या ग्रंथात लिहिलेलं आहे, एवढं त्यांनी मला एकदा समजावून सांगितलं. मग उलथनं हातात धरून थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "म्हणजे देव थोडा माझ्यासारखा दिसतो. बरोबर ना? हे मी मोठ्या सिस्टरला बोलली. त्या बोलल्या, डाळ बघ."

दवाखान्यात झाडलोट करायला कोंडाबाई यायच्या. त्या ख्रिस्ती, पण खालच्या आळीतल्या, म्हणजे मूळच्या मातंग. माठ त्याच भरायच्या. त्या माठातलं पाणी मी पीत नव्हते. मला नोकरीला पाठवताना माझ्या सासूनं, आमच्यात आत्याबाई म्हणतात, एकच अट घातली होती. तिथलं काही तोंडात घालायचं नाही. मी घरून पाण्याची बाटली न्यायची. कोंडाबाईंना ते दिसायचं, पण आम्ही दोघी त्यावर कधी बोललो नाही.

एक दिवस सिस्टरनी विचारलं, "तुझ्या घरचं पाणी गोड आहे?"

मी म्हटलं, "हो."

"मला दे." आणि त्या सगळी बाटली पिऊन गेल्या. दुसऱ्या दिवशी परत. तिसऱ्या दिवशी परत. मी दोन बाटल्या न्यायला लागले, तर त्या दोन्ही प्यायल्या. एवढं पाणी पिऊन त्या सारख्या मागच्या अंगणात जायच्या. उन्हाळ्याचे दिवस, केसपेपर लिहिताना माझी जीभ टाळ्याला चिकटायची. आठव्या दिवशी मी कुणी बघत नाही असं बघून माठाशी गेले आणि दोन तांबे पाणी प्यायले. त्यानंतर सिस्टरनी माझी बाटली कधी मागितली नाही. घरी मी हे सांगितलं नाही. बाटली तशीच रोज भरून न्यायची आणि येताना वाटेत बाभळीला ओतायची.

स्वयंपाकघरातून त्या बाहेर आल्या ते एका बाळंतिणीमुळं. बाकीच्या दोघी सिस्टर औरंगाबादला गेलेल्या होत्या. दुपारी बैलगाडीतून एक बाई आली, घराणं मोठं, बरोबर सासू आणि दीर. बाळ आडवं. सासूनं सिस्टरना दारातच विचारलं, "डॉक्टरीण कुठाय?"

"आत आहे. बोलवते," म्हणून सिस्टर आत गेल्या, पांढरा एप्रन चढवला, हात धुतले आणि बाहेर आल्या. सासू त्यांच्याकडं बघतच राहिली. पण तोवर सुनेनं सिस्टरचा हात गच्च धरला होता. दोन तास लागले. दोघंही वाचली. बारशाच्या आधी ती सासू लुगडं घेऊन आली आणि ते मोठ्या सिस्टरच्या ओटीत घातलं. मोठ्या सिस्टर संकोचल्या, पण घेतलं. दुसऱ्या दिवसापासून आमच्या सिस्टर बाळंतपणाच्या खोलीत आल्या. ते मोठ्या सिस्टरना वाईट वाटलं म्हणून, की तशा अडलेल्या केसेस दुसऱ्या कुणाला जमत नव्हत्या म्हणून, मला माहीत नाही.

आता त्या गुरुवारचं सांगते.

गावात ख्रिस्ती घरं तीसेक. वरची आळी आणि खालची आळी. वरची आळीही काही पाटलांची नव्हती, तेही कधीकाळी वेशीबाहेरचेच. पण ते आधी ख्रिस्ती झालेले आणि खालचे नंतर. चर्च म्हणजे पत्र्याचं एक लांबट सभागृह. डाव्या सतरंजीवर वरची आळी, उजव्या सतरंजीवर खालची. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला काही समजेना. यांच्यात हे नसतं असं मी ऐकलं होतं. कोंडाबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "नसतंच. फकस्त बसायचं येगळं."

ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी त्यांच्यात फादर बारा पुरुषांचे पाय धुतात. येशूनं आपल्या बारा शिष्यांचे धुतले होते म्हणून. फादर आमच्याकडं हिंगोलीहून मोटारसायकलवर यायचे, वयस्कर, मराठी, दमेकरी. वरच्या आळीतले सहा, खालच्या आळीतले सहा. आधी वरच्यांचे पाय पितळी परातीत धुवायचे, एका टॉवेलनं पुसायचे. मग खालच्यांचे जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, परातीत, दुसऱ्या टॉवेलनं. फादरना हे पटत नव्हतं असं सगळे म्हणायचे. ते म्हणायचे, "हळूहळू होईल."

त्या वर्षी सगळी मांडामांड सिस्टरकडं होती. मी ओळीनं मांडायच्या खुर्च्या मोजून द्यायला गेले होते. हळद शिजवायचे दिवस. गावभर त्या उकळत्या हळदीचा वास, आणि आलेल्या प्रत्येक माणसाचे पाय घोट्यापर्यंत पिवळे. सिस्टरनी बारा लोखंडी खुर्च्या मांडल्या. समोर पितळी परात ठेवली. टॉवेल एक. मला वाटलं, दुसरी परात आणायला जातील. त्या गेल्या नाहीत. खालच्या आळीतल्या सहा जणांना त्यांनी अर्धा तास आधी यायला सांगून ठेवलं होतं. ते आले, आणि सिस्टरनी त्यांना पहिल्या सहा खुर्च्यांवर बसवलं. पहिल्याच खुर्चीवर कोंडाबाईंचा नवरा. त्याला सारखं उठावंसं वाटत होतं, ते दिसत होतं.

मग वरच्या आळीतले आले. परात बघितली, खुर्च्या बघितल्या, आणि भिंतीशी उभे राहिले. फादर वेदीकडून आले. त्यांनीही बघितलं.

"सिस्टर, दुसरी परात?"

"एकच आहे, फादर."

कुणी ओरडलं नाही, भांडलं नाही. नुसतेच सगळे उभे.  फादरनी भिंतीकडच्या माणसांना हातानं या म्हणून खूण केली. कुणी हललं नाही. तेव्हा सिस्टर सगळ्या सभागृहातून चालत दाराशी माझ्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, "तू बस."

मी तर ख्रिस्तीही नव्हते. बाई होते. हे सगळं मला नंतर सुचलं. त्या वेळी मला एवढंच दिसलं की सातवी खुर्ची रिकामी आहे, सहाव्या खुर्चीवर खालच्या आळीतला माणूस आहे, त्याचे पाय धुतलेल्या पाण्यात माझे पाय जाणार, आणि हे बघायला अर्धं गाव दारात आहे. उद्या ते आत्याबाईंच्या कानावर जाईल. माठातलं पाणी मी वर्षभर पीत होते, पण ते कुणाला ठाऊक नव्हतं.

"माझं लेकरू घरी रडत असंल," मी म्हटलं. "मला जावं लागंल."

आणि गेले. लेकरू झोपलेलं होतं.

पुढचं मला दुसऱ्या दिवशी कोंडाबाईंनी सांगितलं. सिस्टर स्वतःच सातव्या खुर्चीवर बसल्या. फादर हळूच म्हणाले, बाईमाणसाचं चालत नाही, नियम आहे. सिस्टर उठल्या. मग फादरनी त्या सहा जणांचे पाय धुतले, पुसले. पाणी हळदीनं पिवळंधमक झालं. आणि सहावा झाल्यावर फादरच त्या सातव्या खुर्चीवर बसले. "लई येळ बसले," कोंडाबाई म्हणाल्या. "दमा लागला का रडून राहिले, काई समजंना. कुनाला कळंना आता म्होरं काय करायचं."

वरची आळी त्या दिवसापासून चर्चला यायची बंद झाली. दवाखान्यातही येईना. आणि आठवड्यानं सिस्टर त्या आळीत गेल्या आणि घरोघर जाऊन त्यांनी माफी मागितली.

हे कळल्यावर कोंडाबाईंनी झाडू टाकून दिला. इतक्या वर्षांत त्यांना मी तशा कधी बघितल्या नव्हत्या. "आमाला तुमी बसवलं. आता त्यांची माफी मागून राहिल्या. म्हंजे आमी बसलो ते चूक व्हतं का? तसं सांगा मंग."

"तुमचं बसणं बरोबर," सिस्टर म्हणाल्या. "परात एकच, ते पण बरोबर. पण मी जाळं लावलं. माणसाला जाळ्यात पकडून चारचौघात शरम आणली. तो पाप माझा."

"आन् आमाला इतकी वर्सं आणली ती शरम?"

"तो त्यांचा पाप."

"त्यांनी मागितली का माफी?"

"नाही."

 कोंडाबाईंनी झाडू उचलला आणि बाहेरचं अंगण झाडायला गेल्या. त्यांना ते पटलं नाही. मला विचाराल तर कोंडाबाईंचं मला पटलं, आणि सिस्टर बोलत होत्या तेव्हा त्यांचंही पटत होतं. वरच्या आळीतला एक म्हातारा सिस्टरना म्हणाला होता, "शिष्टर, आमालाबी समदं कळतं. पर सुरुवात आमच्यापासूनच काहून? आदी पाटलाच्या आळीत परात घेऊन जा की." सिस्टरनी ते मला जसंच्या तसं सांगितलं आणि म्हणाल्या, "त्याचं पण बरोबर आहे." एवढ्या सगळ्यांचं बरोबर असेल, तर मग चुकलं काय, हे मला काही केल्या उमगत नव्हतं.

त्या आमच्या घरीही आल्या. मी मेंढरांच्या वाड्याशी शेण भरत होते. त्या उभ्या राहिल्या, एका कोकराच्या तोंडात बोट दिलं आणि म्हणाल्या, "तुला पण आधी विचारलं नव्हतं. माफ कर."

मी म्हटलं, "तसं काही न्हाई, सिस्टर. लेकरू घरी होतं म्हणून."

"हो," त्या म्हणाल्या. "लेकरू."

मला वाटलं आता त्या विचारतील, आज तुझा पाप काय. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. त्यांनी विचारलं नाही. त्या गुरुवारनंतर त्यांनी मला तो प्रश्न कधीच विचारला नाही.

पावसाळ्याच्या तोंडाला त्यांच्या बदलीचं पत्र आलं. एक पत्र्याची पेटी, एक छत्री. निघताना मोठ्या सिस्टर त्यांना मिठी मारून रडल्या, खरोखर रडल्या. मला सिस्टर म्हणाल्या, "नर्सचा फॉर्म भर. तुझा हात चांगला आहे." कोंडाबाई जीपपर्यंत पेटी घेऊन गेल्या. जीप दिसेनाशी होईपर्यंत तिथंच उभ्या होत्या.

वरची आळी हळूहळू परत आली. पुढच्या वर्षी पाय धुण्याचा विधी झाला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. नंतर नवे फादर आले, तरुण. त्यांनी बारा टॉवेल आणले, आणि प्रत्येकाच्या पायावर तांब्यातून ताजं पाणी ओतायचं ठरवलं. दोन्ही आळ्यांतली माणसं मिसळून बसली. कुणाची काही तक्रार नव्हती. कोंडाबाई मला म्हणाल्या, "झालं बराबर." थोड्या वेळानं म्हणाल्या, "झालं ना?"

मी फॉर्म भरला, नर्सचा कोर्स केला. सरकारी नोकरी लागली, हट्टा गावाकडच्या एका उपकेंद्रात. तोवर हिंगोली जिल्हा झाला होता. एकदा हिंगोलीच्या स्टँडवर दोन तरुण सिस्टर भेटल्या, त्यांच्याच मंडळातल्या. मी चौकशी केली. एक म्हणाली, त्या आता एका हॉस्पिटलच्या प्रमुख आहेत. दुसरी म्हणाली, छे, त्या तर स्वयंपाकघरात असतात. दोघींची त्यावरून थोडी वादावादी झाली. मला दोन्ही खरं वाटलं.

आत्याबाई शेवटची काही वर्षं माझ्याजवळच होत्या. रानात जाणं सुटलेलं, साखरेमुळं पायाची जखम भरत नव्हती. रोज सकाळी मी ड्रेसिंग करायची. एकदा पट्टी सोडता सोडता मी त्यांना तो गुरुवार सांगितला, परात, खुर्ची, सगळं. इतक्या वर्षांनी का सांगावंसं वाटलं, ते मलाही सांगता येणार नाही.

त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मंग तू बसली न्हाईस काहून?"

"तुमच्या भ्यानं."

"माज्या?"

"तुमीच म्हणला होता, तिथलं काही तोंडात घालू नको."

"तोंडात घालू नको म्हणले होते," आत्याबाई म्हणाल्या. "पाय धुऊन घेऊ नको असं कवा म्हणले?"

 त्यांनी पाय माझ्या मांडीवर जरा पुढं सरकवला.

"मला सांगायचं तरी व्हतंस. मीच येऊन बसले असते, पोरी. जलमात कुणी पाय धुतले न्हाईत माझे."

मी पट्टी बांधायला घेतली. रोजचंच काम, पण त्या दिवशी गाठ दोनदा सुटली.